सासूबाईंच्या निधनानंतरची रजा : पगार किती मिळतो आणि मेमोला काय उत्तर द्यावे

आपण लिहिलेल्या हकिकतीचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण पुण्यातील एका मोठ्या खासगी सेवा कंपनीत गेली दोन वर्षे नोकरीत आहात. फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातील गावी आपल्या सासूबाईंचे निधन झाले. त्याच रात्री आपण टीम लीडरला फोन केला, सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपही पाठवला आणि तेराव्यापर्यंत गावी राहिलात. परतल्यावर आपल्याला सांगण्यात आले की कंपनीच्या धोरणात निकटच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी ३ पगारी दिवस असले, तरी त्या व्याख्येत आई, वडील, पती आणि मुले एवढेच बसतात; म्हणून तेराही दिवस बिनपगारी धरले गेले आणि वर विनापरवाना गैरहजेरीचा मेमो देण्यात आला. आपल्याला काही हक्क आहे का, हा आपला प्रश्न आहे.

नातेवाइकाच्या मृत्यूनिमित्त स्वतंत्र पगारी रजा दिलीच पाहिजे, असे बंधन खासगी मालकावर घालणारी तरतूद केंद्रीय कामगार कायद्यांत नाही आणि महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही नाही. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, कारण लग्नकार्य पुढे ढकलता येते पण मयत थांबत नाही, हे कायदा करणाऱ्यांना माहीत नसेल असे कोणालाच वाटत नाही. मात्र अशी स्वतंत्र रजा नाही म्हणून आपल्या खात्यावर साठलेली रजा वापरण्याचा हक्क नाहीसा होत नाही आणि कळवून गेलेल्या माणसाला शिस्तभंगाची शिक्षा करण्याची मोकळीकही मालकाला मिळत नाही. पगाराचा प्रश्न आणि मेमोचा प्रश्न हे दोन वेगळे आहेत. कंपनीने ते एकत्र करून आपल्यापुढे ठेवले आहेत. आपण ते वेगळे करून उत्तर द्यावे.

आधी पगाराचे पाहू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार प्रत्येक कामगाराला कॅलेंडर वर्षात ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा मिळते. याशिवाय ज्याने वर्षात २४० किंवा त्याहून अधिक दिवस काम केले आहे, त्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस या हिशेबाने अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. हा कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे लहान दुकानात किंवा छोट्या कार्यालयात काम करणाऱ्यांनी आपली आस्थापना त्यात बसते का, हे आधी तपासावे. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरील व्यक्तींनाही हा कायदा लागू होत नाही. त्यांचा आधार नेमणूकपत्र आणि कंपनीचे धोरण हाच असतो. आपण जे काम करता असे लिहिले आहे, ते पाहता आपण कामगार या व्याख्येत बसता.

इथे एक बारकावा आहे, जो प्रत्यक्षात फार नडतो. किरकोळ रजेचे ८ दिवस वर्षाच्या पहिल्या दिवशी एकदम हातात येत नाहीत. ते दर तिमाहीला खात्यावर जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेले दिवस बुडतात. म्हणजे फेब्रुवारीत मृत्यू झाला तर खात्यावर दोनच दिवस असतात, आणि तोच प्रसंग नोव्हेंबरात आला असता तर कदाचित आठही शिल्लक असते. आपल्या बाबतीत हेच घडले असणार. म्हणूनच अर्जित रजेचा हिशेब महत्त्वाचा आहे. मागील वर्षी आपण २४० हून अधिक दिवस काम केलेले असल्यामुळे आपल्या खात्यावर किमान १२ दिवसांची अर्जित रजा असायला हवी. तेरा दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या तर कामाचे दिवस दहा-अकराच उरतात, आणि दोन किरकोळ व बाकी अर्जित अशा रजेत ते पूर्ण बसतात. कंपनीने बिनपगारी लावलेले दिवस या रजेत वर्ग करावेत, अशी लेखी मागणी आपण करावी. मृत्यूरजेच्या धोरणावर वाद घालण्यापेक्षा ही मागणी अधिक भक्कम आहे, कारण ती कंपनीच्या औदार्यावर नव्हे, तर आपण आधीच कमावलेल्या दिवसांवर उभी आहे.

कंपनी यावर बहुधा असे म्हणेल की अर्जित रजेसाठी पूर्वसूचना लागते. कायद्यात १५ दिवस आधी अर्ज करण्याचा उल्लेख आहे हे खरे. कारखान्यांसाठी असलेल्या १९४८ च्या अधिनियमातही कलम ७९ मध्ये हीच १५ दिवसांची अट होती, आणि सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेत ती ३० दिवसांची होती. त्याच कलमात पुढे असे म्हटले होते की कामगाराला स्वतःच्या आजारपणासाठी ही रजा हवी असेल, तर अर्ज मुदतीत नसला तरी ती मंजूर केली पाहिजे. आजारपणासाठी हा अपवाद केला गेला, घरातील मृत्यूसाठी मात्र केला गेला नाही. ही उणीव मला नेहमी खटकत आली आहे. ताप आधी कळवून येत नाही हे ज्यांनी ओळखले, त्यांना मृत्यूही आधी कळवून येत नाही हे एका वाक्यात लिहिता आले असते. मात्र या अटीमुळे मालकाला फक्त नकार देण्याची मुभा मिळते. रजा मंजूर करण्यास त्याला कोणीही अडवलेले नाही, आणि नंतर दिलेला अर्ज स्वीकारून दिवस वर्ग करणे ही आस्थापना विभागात रोज होणारी गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्या कलम ३२ मध्ये वार्षिक रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांचे काम पुरेसे मानले आहे, ३० दिवसांपर्यंत रजा पुढील वर्षात नेता येते, आणि मागूनही नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे जाते. नव्याने नोकरीला लागलेल्यांना याचा फायदा आहे. पण मृत्यूसाठीची रजा या संहितेतही आलेली नाही. एकोणतीस कायदे एकत्र करून नव्याने लिहिण्याची संधी पुन्हा लवकर येत नसते. ती गेली, याचे दुःख वाटते.

साप्ताहिक सुट्ट्यांबद्दलही सांगायला हवे. शुक्रवार आणि सोमवार रजा घेतली की मधले शनिवार-रविवारही रजेत धरायचे, ही पद्धत पुष्कळ कंपन्यांत आहे. कारखाने अधिनियमाने वार्षिक रजा मोजताना आधीच्या, मधल्या किंवा नंतरच्या सुट्ट्या तिच्यात धरायच्या नाहीत, असे स्पष्ट म्हटले होते. कार्यालयांत मात्र बहुधा धोरणातील शब्दांवर वाद होतो, म्हणून ते शब्द मागवून वाचावेत. पगारातून किती कापता येते, याला तर कायद्याचीच मर्यादा आहे. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच असली पाहिजे, असे वेतन प्रदान अधिनियम, १९३६ सांगत होता आणि आता वेतन संहिताही सांगते. एका खाड्याला दोन दिवस कापणे बेकायदेशीर आहे.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो, कारण आपले दुःख पगारापेक्षा सासूबाईंना कुटुंबात न धरल्याचे आहे, हे आपल्या पत्रावरून स्पष्ट दिसते. धोरण कंपनीने स्वेच्छेने दिलेले असल्यामुळे त्यातील नात्यांची यादी ठरवणेही तिच्याच हाती राहते, आणि न्यायालय सहसा त्या यादीत नवे नाव घालून देत नाही. पण या याद्या बहुधा परदेशातील मुख्यालयाच्या पत्रकावरून किंवा आरोग्यविम्याच्या अर्जातून उचललेल्या असतात, आणि आपल्याकडच्या घराशी त्या जुळत नाहीत. सासू-सासरे गेले की सुनेला घर सोडून कामावर जाणे शक्य नसते. वडील लहानपणी वारल्यामुळे ज्याला चुलत्याने वाढवले, त्याच्या हातूनच चुलत्याचे अग्निसंस्कार होतात. लग्न झालेली एकुलती एक मुलगी आता आईबापांचे सगळे विधी स्वतः करते. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला दशक्रिया, मग बारावा, तेरावा, असे दिवस हिंदू घरांत असतात. बौद्ध कुटुंबांत जलदानविधी आणि पुण्यानुमोदन असते. मुसलमान विधवेला इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळायचे असतात. तीन दिवसांची रजा यांतील कोणालाही पुरत नाही, आणि धोरण लिहिणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो.

या बाबतीत न्यूझीलंडचा कायदा मला सर्वांत समंजस वाटतो. तेथील २००३ च्या सुट्ट्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे, साधारणपणे सहा महिने नोकरी झाली की जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी ३ पगारी दिवस मिळतात, आणि त्या नातेवाइकांत आजी-आजोबा, भावंडे, नातवंडे यांच्याबरोबर जोडीदाराचे आई-वडीलही नावाने घातलेले आहेत. त्या यादीबाहेरील व्यक्ती गेली तर १ दिवस मिळू शकतो, आणि तो देताना मालकाने पाहायचे असते की मृताशी जवळीक किती होती, विधींची जबाबदारी या कर्मचाऱ्यावर आहे का, आणि त्याच्या रीतिरिवाजाप्रमाणे त्याची काही कर्तव्ये आहेत का. आखातात काम करणाऱ्या कोकणातील अनेकांना संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा ठाऊक असेल. त्यात पती किंवा पत्नी गेल्यास ५ दिवस आणि आई, वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा किंवा नातवंडे गेल्यास ३ दिवस पूर्ण पगारी रजा आहे, सासू-सासरे मात्र नाहीत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून १८ वर्षांखालील मूल गमावलेल्या आई-वडिलांना दोन आठवड्यांची रजा मिळू लागली. आपल्या कंपनीचे मुख्यालय बाहेरदेशी असेल, तर तेथील कर्मचाऱ्यांना मिळणारी व्याख्या आणि येथे लावलेली व्याख्या शेजारी ठेवून एच.आर.ला दाखवणे उपयोगी ठरते. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण अशा तुलनेवरून धोरण बदललेले मी पाहिले आहे.

आपल्या कायद्यात मृत्यूशी जोडलेला एक पक्का पगारी हक्क आहे आणि तो फार कमी स्त्रियांना माहीत असतो, म्हणून विषयाला किंचित सोडून तो इथे नोंदवतो. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये मूल या शब्दात मृतावस्थेत जन्मलेले मूलही येते. म्हणून तशी प्रसूती झाली तरी प्रसूती रजेचा हक्क कायम राहतो. गर्भपात झाला, म्हणजे गर्भधारणेच्या २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला, तर पुराव्यानिशी मागितल्यास त्यापुढील सहा आठवडे पगारी रजा मिळते. हे हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. मागील १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेले असणे ही मुख्य अट आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना तर सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने, मूल जन्मतः मृत असल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा देण्यात आली आहे. अशा वेळी कोणी एच.आर. अधिकारी आजारपणाची रजा टाकायला सांगत असेल, तर तसे करू नये. हक्काची रजाच मागावी.

आता मेमोबद्दल. कारखान्यांत आणि मोठ्या आस्थापनांत लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांत, दहा दिवसांपेक्षा जास्त सलग विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन मानलेले आहे. तेराव्यापर्यंत गावी राहणारा माणूस ही मर्यादा नकळत ओलांडतो, आणि पुष्कळ मेमोंचे मूळ तिथेच असते. पण याच स्थायी आदेशांत किरकोळ रजेविषयी असेही म्हटले आहे की आधी कल्पना नसलेल्या प्रसंगांसाठी ती असते, पूर्वपरवानगी घेणे शक्य नसेल तर शक्य तितक्या लवकर गैरहजेरी आणि तिचा अंदाजे कालावधी लेखी कळवावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या डी. के. यादव प्रकरणात ठरवले की, आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते असे स्थायी आदेशात लिहिलेले असले, तरी बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणाला काढता येत नाही. पुढे २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की परवानगीविना गैरहजेरी म्हणजे नेहमीच जाणूनबुजून केलेली गैरहजेरी असते असे नाही. माणसाच्या हाताबाहेरची परिस्थिती असू शकते, आणि गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येत नाही. ते प्रकरण सरकारी नोकरीतील असले, तरी खासगी नोकरीतील चौकशांतही त्याचा आधार घेतला जातो.

आपण पहिल्याच रात्री कळवले, ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. तो फोन, तो निरोप आणि त्यावर आलेले उत्तर यांच्या प्रती जपून ठेवा. असे प्रसंग हाताळताना मला दिसत आले आहे की नोकरीवर गदा येते ती रजा शिल्लक नसल्यामुळे क्वचित, आणि दुःखाच्या भरात काहीच न कळवल्यामुळे फार वेळा. घरातील दुसऱ्या कोणी दोन ओळी पाठवल्या तरी चालते. कोण वारले, आपण कुठे जात आहोत आणि साधारण कधी परतू, एवढे त्यात असावे. परतायला उशीर होणार असेल तर मंजूर दिवस संपायच्या आत पुन्हा कळवावे.

आपल्याला कोणीतरी डॉक्टरकडून दाखला आणून आजारपणाची रजा टाकण्याचा सल्ला दिला आहे. कृपया तो ऐकू नका. खोटा दाखला देणे हे स्वतंत्र गैरवर्तन आहे, आणि त्याची चौकशी लागली तर आज आपल्या बाजूने असलेली सगळी सहानुभूती निघून जाते. मृत्यूच्या धक्क्याने खरोखर झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांकडे अवश्य जावे. तो खरा आजार आहे, त्याचा दाखला खरा असतो, आणि राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांना प्रमाणित आजारपणात साधारणपणे वेतनाच्या ७० टक्के लाभही मिळतो.

सरकारी सेवेतील वाचकांसाठी थोडक्यात एवढेच, की महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही मृत्यूसाठी वेगळी रजा नाही, पण नैमित्तिक रजेबरोबर वर्षाला ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होत असल्याने अडचण पगारापेक्षा मंजुरीची असते. खरी परवड ठेकेदारामार्फत लागलेल्यांची, घरकामगारांची आणि ऊसतोड मजुरांची आहे. तिथे आईच्या मातीला गेलेला दिवसही खाडा म्हणून लागतो आणि मुकादम तो उचलीतून वळता करतो. ठेकेदाराच्या कामगाराला अर्जित रजेचा हक्क कायद्याने आहे, पण दर अकरा महिन्यांनी नवा ठेकेदार आणि नवे मस्टर दाखवून त्याचे दिवस भरूच दिले जात नाहीत. या कामगारांनी आपल्या हजेरीची स्वतंत्र नोंद ठेवावी. सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे तीच उपयोगी पडते.

आपल्या कंपनीत संघटना किंवा कर्मचारी समिती असेल, तर सासू-सासरे, आजी-आजोबा, भावंडे आणि ज्याच्या विधींची जबाबदारी कर्मचाऱ्यावर आहे अशी कोणतीही व्यक्ती, असे शब्द पुढील करारात घालून घ्यावेत. पगारी रजा हा औद्योगिक कायद्याने जपलेल्या सेवाशर्तींपैकी एक आहे. कामगारांना मिळत असलेली रजा किंवा रूढ सवलत बंद करायची तर मालकाला २१ दिवसांची सूचना द्यावी लागते. त्यामुळे एकदा करारात आलेली रजा नवा अधिकारी मनात येईल तेव्हा काढून घेऊ शकत नाही.

तूर्त आपण दोन वेगळी पत्रे द्यावीत. पहिले मेमोचे उत्तर, दिलेल्या मुदतीच्या आत. त्यात निधनाची तारीख आणि वेळ, आपण कोणाला केव्हा व कसे कळवले, काय उत्तर आले, आणि गैरहजेरी जाणूनबुजून केलेली नव्हती, एवढेच लिहावे. माफी मागण्याचे कारण नाही, रागही नसावा, आणि सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी. दुसरे पत्र रजा वर्ग करण्याचे. त्यात आपल्या खात्यावरील किरकोळ आणि अर्जित रजेचा उतारा मागून तेवढे दिवस त्यात धरावेत व कापलेला पगार पुढील महिन्याच्या पगारात द्यावा, असे म्हणावे. दोन्ही ईमेलने पाठवून पोच ठेवावी. महिनाभरात रजा वर्ग झाली नाही, तर दुकाने व आस्थापना कायद्याखालील सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या दुकाने निरीक्षकाकडे, पुण्याच्या कामगार आयुक्तालयात लेखी तक्रार करता येते, आणि त्या तक्रारीला हीच दोन पत्रे जोडायची असतात.